ऑपरेशननंतरच्या इकोत पंपिंग कमी दिसले, तर दोष भुलेचा का?

प्रश्न नाशिकरोडच्या एका वाचकांचा आहे आणि तो थोडक्यात असा : त्यांच्या ६८ वर्षांच्या आई घरात पाय घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. पंधरा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू आहे, मधुमेह नाही. ऑपरेशनआधीच्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग ६० टक्के होते. कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली आणि सिमेंट वापरून अर्धा सांधा बदलला. दुसऱ्या रात्री त्यांना धाप लागली, नाडी ११८ वर गेली, म्हणून आयसीयूत हलवले. तिथल्या इकोत पंपिंग ४५ ते ५० टक्के, पहिल्या श्रेणीचा डायस्टॉलिक दोष आणि उजव्या बाजूच्या झडपेची किरकोळ गळती, असे लिहून आले. ट्रोपोनिन हे रक्तात तपासले जाणारे प्रथिन थोडे वाढलेले होते, ईसीजीत फारसा फरक नव्हता. आता त्या घरी आहेत, वॉकर धरून चालतात. चिरंजीव विचारतात की भुलेमुळे हृदय कायमचे कमजोर झाले का, संपूर्ण भूल दिली असती तर हे टळले असते का, आधीचा इको चांगला असताना असे झालेच कसे, आणि पुढच्या महिन्यात ठरलेले मोतीबिंदूचे ऑपरेशन करावे की नाही.

मी नाशिकमध्ये बावीस वर्षे भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो. त्यातला निम्म्याहून अधिक काळ हृदयशस्त्रक्रियांच्या थिएटरमध्ये गेला. रुग्ण भुलेत असताना अन्ननलिकेतून इको करणे हे तिथले रोजचेच काम, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी भेटतो. आपल्या आईंना मी तपासलेले नाही; जे लिहितो ते आपण कळवलेल्या माहितीपुरतेच. भुलेच्या औषधाने त्यांचे हृदय कायमचे कमजोर झाले असण्याची शक्यता जवळजवळ नाही. दोन इकोंमधला फरक बऱ्याच अंशी त्या दोन दिवसांच्या परिस्थितीतला फरक असावा. मात्र आपण ‘थोडे वाढलेले ट्रोपोनिन’ असे जे ओझरते लिहिले आहे, ते मला पंपिंगच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

आधी त्या आकड्याविषयी. पंपिंग म्हणून जे सांगितले जाते ते खरे तर एक प्रमाण आहे : डावा खालचा कप्पा पूर्ण भरला असताना त्यात जेवढे रक्त असते, त्यातले एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडते. कप्प्यात १०० मिलिलिटर रक्त भरले आणि ६० बाहेर गेले, तर पंपिंग ६० टक्के. पुरुषांत साधारण ५२ ते ७२ आणि स्त्रियांत ५४ ते ७४ टक्के हे आकडे सर्वसामान्य धरले जातात. १०० टक्के कोणाचेच नसते, त्यामुळे ६० म्हणजे चाळीस टक्के हृदय निकामी, असा जो अर्थ ओपीडीत पुष्कळ जण लावतात तो चुकीचा आहे. हे प्रमाण केवळ हृदयस्नायूच्या ताकदीवर ठरत नाही. कप्पा किती भरला, समोर रक्तवाहिन्यांचा अडथळा किती आहे आणि नाडी किती वेगाने चालली आहे, या तिन्हींवर ते हलते. रक्तदाब १८० असताना आणि ११० असताना त्याच माणसाच्या त्याच हृदयाचा आकडा वेगळा येऊ शकतो, आणि दोन्ही वेळा स्नायू तोच असतो.

शिवाय मोजणाऱ्याचा हात असतो. द्विमितीय इकोत कप्प्याच्या आतल्या कडेवरून रेघ ओढून घनफळ काढले जाते, आणि कड पुसट दिसत असेल तर अनुभवी डॉक्टर नजरेने अंदाज करतात. त्यात गैर काही नाही, पण दोन चांगल्या डॉक्टरांच्या आकड्यांत पाच ते दहा टक्क्यांचे अंतर सहज पडते. ‘४५ ते ५०’ असे जेव्हा लिहिलेले असते, तेव्हा तो बहुधा नजरेचा अंदाज असतो. म्हणून ६० वरून ५० ला मी लगेच घसरण म्हणत नाही. ६० वरून ३० झाले, तर मात्र कोणतीही सबब चालत नाही.

आता तो दुसरा इको कसा झाला असेल, हे डोळ्यांसमोर आणा. मध्यरात्र उलटलेली आहे. आईंना डाव्या कुशीवर वळवता येत नाही, कारण खुब्यावर ताजे टाके आहेत आणि दोन पायांमध्ये उशी बांधलेली आहे. इकोसाठी तर डावी कूसच सोयीची, कारण तेव्हा हृदय छातीच्या भिंतीजवळ येते आणि फुप्फुस बाजूला सरते. त्या उताणी झोपलेल्या आहेत, धापेमुळे छाती वरखाली होते आहे, ईसीजीचे चिकटपट्टे नेमके तिथेच आहेत जिथे प्रोब टेकवायचा असतो. डॉक्टर बरगड्यांखालून, पोटाच्या बाजूने एखादी खिडकी शोधतात. पडद्यावर हृदय ११८ च्या गतीने धडधडते आहे, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये जेमतेम अर्धा सेकंद, आणि भरायला त्याहूनही कमी वेळ. आधीचा इको कुशीवर, ८० च्या नाडीला, शांतपणे झाला असेल. या दोन आकड्यांची वजाबाकी करून मिळणाऱ्या उत्तरावर माझा तरी फारसा भरवसा नाही. रात्रीच्या त्या इकोकडून डॉक्टरांना हवे असते ते वेगळेच : हृदय एकदम बंद पडत चालले आहे का, एखादा भाग हलायचा थांबला आहे का, उजवी बाजू फुगली आहे का, भोवती पाणी जमले आहे का. या चार प्रश्नांची उत्तरे पुसट चित्रातूनही मिळतात आणि त्यासाठीच तो केलेला असतो.

भूल हृदयावर परिणाम करते का? करतेच, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. प्रोपोफॉल हे झोपवणारे औषध शिरेतून गेल्यावर मिनिटभरात रक्तवाहिन्या सैलावतात, शिरांमध्ये रक्त साचते, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि दाब उतरतो. स्नायूचे आकुंचनही थोडे मंदावते. सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन या वायुरूप औषधांचे तसेच, मात्रेच्या प्रमाणात. केटामाइन उलट नाडी आणि दाब वाढवते, एटोमिडेट दाबाला फारसे हलवत नाही, म्हणून कमजोर हृदयाच्या रुग्णात आम्ही अनेकदा त्याच्याकडे वळतो. कमरेत दिलेल्या भुलेत औषध थेट हृदयावर काम करत नाही. ती पायांच्या संवेदनेबरोबर रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या नसाही झोपवते, त्यामुळे पायांकडच्या वाहिन्या सैल पडून दाब उतरतो. भूल छातीच्या वरच्या भागापर्यंत चढली, तर हृदयाची गती वाढवणाऱ्या नसा गुंगतात आणि नाडीही मंदावते. ज्यांची महाधमनीची झडप फार अरुंद झालेली आहे त्यांच्यात हा उतार धोक्याचा ठरू शकतो, आणि ऑपरेशनआधीच्या इकोचा खरा उपयोग अशी झडप हुडकण्यासाठी आहे.

‘भुलेने हृदय बंद पडते’ ही भीती लोकांत उगीच आलेली नाही. क्लोरोफॉर्मच्या काळात धडधाकट माणसे टेबलावर अचानक जात. निजामाच्या पैशाने १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन आयोग बसले, शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्म हृदयाला इजा करत नाही, श्वास सांभाळला की पुरे. तो निष्कर्ष चुकीचा होता. क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची जीवघेणी अनियमित फडफड होऊ शकते, हे पुढे १९११ च्या सुमारास लेव्ही या संशोधकांनी दाखवून दिले. माझ्या शिक्षणाच्या काळात हॅलोथेन सर्रास वापरात होते, तेही हृदयस्नायूला चांगलेच मंदावत असे. आजची औषधे त्या घराण्यातली नाहीत. ती शरीरातून लवकर जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा हृदयावरचा परिणामही जातो. कमरेतल्या भुलेचा अंमल साधारण दोन ते चार तासांचा. आपल्या आईंना त्रास दुसऱ्या रात्री झाला. तोवर औषध केव्हाच उतरलेले होते.

मग दुसऱ्या रात्रीच का? याचे उत्तर मला या साऱ्या विषयाचा गाभा वाटते. ऑपरेशन टेबलावर प्रत्येक ठोक्यावर कोणाची तरी नजर असते. वॉर्डात ती तितकी नसते, आणि शरीरावरचा खरा ताण तिथेच असतो. मोडलेल्या खुब्यात आणि मग ऑपरेशनमध्ये रक्त जाते. हिमोग्लोबिन १२ चे ९ किंवा ८ होते, म्हणजे तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. वेदनेमुळे ॲड्रेनलिन वाढलेले असते, नाडी पळते. नाडी पळाली की हृदयाचा विसाव्याचा काळ आखडतो, आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या मुख्यतः त्या विसाव्यातच भरत असतात. मागणी वाढते आणि पुरवठा त्याच क्षणी आटतो. त्यात झोपून राहिल्याने फुप्फुसांचे तळ नीट फुगत नाहीत, प्राणवायू थोडा उतरतो. त्यात सलाईन. कमरेतल्या भुलेने दाब उतरतो तेव्हा आपण एक-दीड लिटर सलाईन देतो. भूल ओसरली की वाहिन्या पुन्हा आवळतात, आणि ते पाणी, शिवाय सुजेत अडकलेले पाणी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तात परत येते. पंधरा वर्षांच्या रक्तदाबाने ताठर झालेल्या हृदयाला हा वाढीव भार पेलत नाही आणि तो मागे फुप्फुसात साचतो. दुसऱ्या रात्रीची धाप पुष्कळदा अशीच लागते, आणि लघवी वाढवणाऱ्या एका इंजेक्शनने सकाळपर्यंत उतरतेही.

ट्रोपोनिनकडे मात्र वेगळ्या नजरेने पाहायला हवे. ते हृदयस्नायूच्या पेशींतले प्रथिन आहे, आणि रक्तात वाढले याचा अर्थ काही पेशींना इजा झाली आहे. हृदयाव्यतिरिक्तच्या शस्त्रक्रियांनंतर होणाऱ्या या इजेवर गेल्या काही वर्षांत बरेच मोठे अभ्यास झाले आहेत आणि त्यांतून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या : ती मुख्यतः पहिल्या दोन-तीन दिवसांत होते, बहुसंख्य रुग्णांना छातीत दुखत नाही (वेदनाशामक चालू असतात, लक्ष टाक्यांकडे असते), आणि लक्षण नसले तरी अशा रुग्णांचा पुढच्या काळातला धोका इतरांपेक्षा जास्त असतो. यातले काही खरे हार्ट अटॅक असतात, पण बरेचसे मागणी-पुरवठ्याच्या ओढाताणीतून झालेले असतात. ट्रोपोनिन इतर कारणांनीही वाढते : मूत्रपिंड मंदावले असेल, फुप्फुसात रक्ताची गाठ गेली असेल, जंतुसंसर्ग रक्तात पसरला असेल. म्हणून एका आकड्यावरून निदान होत नाही. काही तासांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांत ते चढत होते की स्थिर होते, हे पाहावे लागते. आपल्याकडच्या कागदांत असे दोन आकडे आहेत का, ते शोधा.

आता अहवालातल्या शब्दांकडे येतो. ‘पहिल्या श्रेणीचा डायस्टॉलिक दोष’ म्हणजे हृदय सैल पडून भरण्याची क्रिया किंचित मंद आहे. साठी ओलांडलेल्या आणि रक्तदाब असलेल्या माणसात ते इतक्या वेळा दिसते की मी त्याला वयाचा दाखला म्हणतो. ऑपरेशनने ते निर्माण झाले असे समजू नये. उजव्या बाजूच्या झडपेची किरकोळ गळती निरोगी माणसांतही सर्रास दिसते. सलाईन जास्त झाले असेल, तर ती थोडी ठळक दिसते, आणि तिच्यावरून काढलेला फुप्फुसातला दाबही वाढलेला येतो.

आपण पाठवलेल्या माहितीत दोन गोष्टी नाहीत, आणि त्या अहवालात मुद्दाम शोधाव्यात असे मी म्हणेन. एक, भिंतींच्या हालचालीविषयी काय लिहिले आहे. सगळे हृदय सारखेच थोडे मंद चालत असेल, तर मनात येते ती धावती नाडी, रक्तक्षय, जंतुसंसर्ग. पण ‘समोरची भिंत’ किंवा ‘तळाची भिंत’ असा एकच भाग हलत नसेल आणि तो भाग एका रक्तवाहिनीच्या वाटणीचा असेल, तर गोष्ट हृदयाच्या रक्तवाहिनीकडे जाते आणि पंपिंग ५५ असले तरी ती गंभीर असते. टोक फुगलेले आणि बूड जोरात आकसणारे, असे चित्र असेल तर ताकोत्सुबो नावाचा हृदयाचा तात्पुरता विकार; १९९० च्या सुमारास जपानी डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले आणि ऑक्टोपस पकडायच्या मडक्याच्या आकारावरून नाव दिले. पाळी गेलेल्या स्त्रियांत, मोठ्या शारीरिक किंवा मानसिक धक्क्यानंतर ते दिसते. ट्रोपोनिन थोडेच वाढलेले आणि पंपिंग मात्र बरेच उतरलेले, अशी जोडी असते, आणि काही आठवड्यांत हृदय बहुधा पूर्ववत होते. खुब्याचे हाड मोडणे हा धक्का त्याला पुरतो.

दुसरी गोष्ट उजवा कप्पा. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर धाप लागली की पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली का, हा प्रश्न आधी मनात यायलाच हवा. मोठी गाठ गेली तर उजवा कप्पा फुगतो, त्याची बाजूची भिंत मंदावते आणि टोक मात्र हलत राहते. इकोत उजवी बाजू साफ असेल, तर मोठी गाठ नाही एवढेच कळते. लहान गाठ त्यात सुटू शकते आणि तिच्यासाठी सीटी करावा लागतो. डी-डायमर ही रक्ततपासणी ऑपरेशननंतर कोणाचीही वाढलेलीच येते, तिच्यावरून गाठ आहे असे म्हणता येत नाही. सिमेंटचा त्रास वेगळा : तो भरताना हाडातल्या मज्जेचे आणि चरबीचे कण फुप्फुसाकडे जाऊन दाब आणि प्राणवायू एकदम कोसळतो, पण ते टेबलावर, काही मिनिटांत घडते. दुसऱ्या रात्रीचा दोष त्याला देता येणार नाही.

बायपास किंवा झडपेचे ऑपरेशन झालेल्यांनी वरचे सगळे स्वतःला जसेच्या तसे लावू नये, कारण तिथे हृदयालाच हात लागलेला असतो. तिथे हृदय थांबवून पुन्हा चालू करतात. स्नायू जिवंत असूनही काही काळ सुन्न राहतो, पहिल्या चार-सहा तासांत पंपिंग सर्वांत खाली जाते आणि बहुतेकांत २४ तासांत सावरते. हृदयावरण उघडल्यामुळे दोन कप्प्यांमधला पडदा इकोत उलट दिशेने सरकताना दिसतो आणि अहवालात ‘पडद्याची हालचाल बिघडलेली’ असे येते. तो आकुंचनाच्या वेळी जाड होत असेल, तर स्नायू ठीक आहे, हृदयाची छातीतली झुलण्याची पद्धत तेवढी बदललेली आहे. उजव्या कप्प्याची लांबीतली हालचाल, जी एरवी १७ मिलिमीटरच्या वर असावी असे आपण म्हणतो, ती बायपासनंतर १२-१३ दिसते आणि वर्षानुवर्षे तशीच राहते, पण रुग्ण मजेत फिरत असतो. गळकी डावी झडप दुरुस्त केल्यावर पंपिंग ६० चे ५० होते. आधीचा आकडाच फसवा असतो, कारण हृदय अर्धे रक्त कमी दाबाच्या मागच्या कप्प्यात सोपेपणाने ढकलत होते. ती पळवाट बंद झाली की खरी ताकद दिसते. भोवती थोडे पाणी पहिल्या आठवडा-दहा दिवसांत पुष्कळांना दिसते आणि आपोआप जिरते. पण घरी गेल्यावर धाप वाढू लागली, लघवी कमी झाली, दाब उतरला, तर पुढच्या भेटीची तारीख येण्याची वाट पाहू नये. पाणी किंवा गुठळी मागच्या बाजूला साचली तर साध्या इकोत ती लपू शकते.

भुलेने इकोचे चित्र कसे बदलते, याचा सर्वांत बोलका अनुभव मला झडपेच्या टेबलावरच येतो. ओपीडीत डाव्या झडपेची गळती ‘तीव्र’ लिहिलेली असते. रुग्ण झोपतो, दाब १५० वरून ९५ वर येतो, मी अन्ननलिकेतून प्रोब सारतो आणि पडद्यावर रंगांचा तो झोत आखडून ‘मध्यम’ झालेला दिसतो. नवखा माणूस म्हणेल की ऑपरेशनची गरजच नाही. मग मी फेनिलएफ्रिनची छोटी मात्रा देतो, दाब १४० वर चढतो, आणि झोत पुन्हा मागच्या भिंतीपर्यंत जाऊन वळतो. पाच मिनिटांत तीच झडप दोन रूपांत दिसते. त्यामुळे झडप बदलायची की नाही हे भुलेतल्या एका चित्रावरून ठरवायचे नसते, असे आमच्या शिकाऊ डॉक्टरांना मी पहिल्याच दिवशी दाखवतो.

संपूर्ण भूल दिली असती तर? खुब्याच्या अस्थिभंगात दोन्ही भुलांची तुलना करणारी एक मोठी चाचणी २०२१ साली अमेरिका आणि कॅनडातून प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढचे १६०० रुग्ण होते. साठ दिवसांनंतर मृत्यू किंवा चालता न येणे यात कमरेतली भूल सरस ठरली नाही, आणि संपूर्ण भूलही वाईट ठरली नाही. कोणती भूल दिली यापेक्षा दाब किती वेळ उतरलेला राहिला, रक्त वेळेवर दिले का, वेदना नीट थांबवली का, यावर हृदयाचे भले-बुरे जास्त अवलंबून असते. आपल्या डॉक्टरांनी निवडलेली भूल या ऑपरेशनसाठी योग्यच होती.

आधीचा इको चांगला होता, मग असे का झाले, हा प्रश्न रास्त आहे. इको विश्रांतीतले हृदय दाखवतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत सत्तर टक्के अडथळा असला, तरी विश्रांतीतला इको ६० टक्के पंपिंग दाखवू शकतो. म्हणून ‘इको नॉर्मल आहे, फिटनेस द्या’ हे वाक्य मला नेहमी अपुरे वाटते. नियोजित ऑपरेशनसाठी माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी विचारतो की पांडवलेणीच्या पायऱ्या शेवटच्या कधी चढलात आणि वाटेत किती वेळा बसलात. त्या सुमारे दोनशे आहेत. जो न थांबता निम्म्या चढतो, त्याचे हृदय बहुतेक शस्त्रक्रिया पेलते, आणि ही चाचणी फुकट आहे. दोन जिने चढताना धाप लागत असेल, तर मात्र नॉर्मल इकोनेही मला स्वस्थता येत नाही. खुबा मोडलेल्या माणसाला अर्थातच पायऱ्या चढवता येत नाहीत; पडण्यापूर्वी घरात काय काय करत होत्या, भाजीबाजारात जात होत्या का, हे विचारावे लागते. आणि अशा रुग्णात इकोसाठी ऑपरेशन दोन-तीन दिवस लांबवणे हेच बहुधा जास्त घातक असते.

हृदय जपायचे म्हणून ऐन वेळी नाडी मंद करणारी गोळी सुरू करण्याची एक पद्धत पूर्वी होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत ऑपरेशनच्या दिवशी मेटोप्रोलॉल सुरू केलेल्यांना हार्ट अटॅक कमी आले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. आधीपासून ती गोळी चालू असेल तर ती थांबवायची नाही, आणि चालू नसेल तर आदल्या दिवशी सुरू करायची नाही, हे तेव्हापासून ठरून गेले आहे.

आता पुढे काय करायचे. ऑपरेशनपासून सहा आठवडे झाले, हिमोग्लोबिन सुधारले, नाडी ९० च्या आत आली, की इको पुन्हा करून घ्या. शक्य असेल तर पहिला इको जिथे झाला तिथेच. सोबत आधीच्या दोन्ही इकोंची सीडी न्या, नुसता कागद नको, कारण हृदयरोगतज्ज्ञाला भिंतींची हालचाल स्वतःच्या डोळ्यांनी शेजारी शेजारी पाहता आली तर अर्धे उत्तर तिथेच मिळते. अहवालावर त्या वेळची नाडी आणि रक्तदाब लिहून द्यायला सांगा. पंपिंग ५५ च्या पुढे आले आणि भिंती नीट हलत असल्या, तरीही ट्रोपोनिनच्या कारणाने कोलेस्टेरॉलची गोळी आणि ॲस्पिरिन हवे का, हा विषय तज्ज्ञांपुढे काढा. ताज्या जखमेचा आणि रक्तस्रावाचा विचार करून तो निर्णय त्यांनीच घ्यायचा आहे. आकडा ५० च्या खालीच राहिला किंवा एखादी भिंत मंद दिसली, तर रक्तवाहिन्यांची तपासणी लागेल. तोवर पायांवर सूज, उताणे झोपल्यावर धाप, दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढणे यांपैकी काहीही दिसले, तर सहा आठवड्यांची वाट पाहू नका.

मोतीबिंदूचे ऑपरेशन थेंबांच्या किंवा डोळ्याभोवतीच्या इंजेक्शनच्या भुलेत होते. रक्त जात नाही, सलाईन लागत नाही, वीस मिनिटांत रुग्ण उठून बसतो. हृदयावर पडणारा ताण दाताच्या डॉक्टरकडे जाण्याइतका. अशा ऑपरेशनाआधी सरसकट रक्त आणि ईसीजी तपासण्यांनी काही फायदा होत नाही, हे सुमारे १९ हजार शस्त्रक्रियांच्या अमेरिकन अभ्यासाने २००० सालीच दाखवले आहे, तरी आपल्याकडे इकोची चिठ्ठी हातात पडतेच. आपल्या आईंच्या बाबतीत मी एवढेच पाहीन की त्यांना सपाट झोपून अर्धा तास धाप न लागता राहता येते का आणि रक्तदाब ताब्यात आहे का. त्यासाठी घरीच एका उशीवर अर्धा तास झोपवून पाहा. जमले तर तारीख पुढे ढकलण्याचे कारण नाही; उलट नीट दिसू लागले तर त्या पुन्हा घसरून पडण्याची भीती कमी होईल. नाही जमले, तर इको आधी आणि डोळा नंतर.